दंडारीचे मास्तर गेले. त्यांच्याकडून शिकलेली पावलं इथे लिहू या

धानाची_लोंबी
मंडळी, बातमी आपल्या भागातल्या बऱ्याच जणांना कळली आहे. तान्हा पोळा झाला आणि त्याच आठवड्यात आमचे दंडारीचे, म्हणजे आपल्या गावच्या नाच-गाण्याचे, मास्तर गेले. घरच्यांची इच्छा आहे म्हणून त्यांचं नाव आणि गाव इथे लिहीत नाही. लाखांदूर ते अर्जुनी मोरगाव या पट्ट्यात ज्यांनी कधी पायात चाळ बांधली, त्यांना वेगळं सांगायला नको.

तेरवीला भाषणं झाली. कोणी आधारवड म्हणालं, कोणी युगाचा अंत म्हणालं. बोलणाऱ्यांची माया खरी होती. पण मास्तर आम्हाला नेमकं काय शिकवायचे, हे एकाही भाषणात आलं नाही. ते मला फार लागलं. गाण्यांची मला तेवढी काळजी नाही. दंडारीची, खडी गंमतीची गाणी लोकांच्या वह्यांत आहेत, झाडीबोलीच्या अभ्यासकांनी ती गोळा केली आहेत, छापली आहेत. पावलं मात्र कोणी उतरवून घेतली नाहीत. ती मास्तरांच्या पायात होती. आता जी काही उरली ती आपल्या पायांत, आणि तीही वाटली गेलेली. एक माझ्याकडे असेल, एक नागपुरात नोकरी करणाऱ्याकडे असेल, एक वडशाच्या नाटक कंपनीत असेल. म्हणून हा धागा काढला. श्रद्धांजली नका लिहू. मास्तरांनी तुम्हाला काय शिकवलं ते लिहा. हात कुठे, पाय कुठे, नजर कुठे, जमेल तितकं बारीक.

सुरुवात मी करते. दसऱ्यानंतर मास्तरांच्या अंगणात आमची तालीम बसायची. संध्याकाळी आम्हा पोरींनाच अंगण सारवायला लावत. सारवण अर्धवट सुकलं, म्हणजे पाय टाकला तर चिकटणार नाही पण खूण उमटेल इतपत झालं, की त्यावर नाचायचं. तेव्हा ढोलकी नाही, गाणं नाही, नुसती टाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना मास्तर आम्हाला थांबवत आणि अंगण दाखवत. कोणाची टाच खोल गेली, कोणाचं पाऊल घसरलं, कोणी अंगठ्यावर भार टाकला, सगळं जमिनीवर उमटलेलं असे. "हा पाय कोनाचा?" असं विचारत, आणि ज्याचा असेल त्याने सांगायचं. रागावत नसत. ज्या पोरीची टाच रुतली असेल तिला तेवढीच जागा पुन्हा सारवायला सांगत आणि संध्याकाळी त्याच जागेवर उभी करत.

त्यातून मी शिकले ते एवढं: पाऊल आधी चवड्यावर येतं, मग कडेने जमिनीला लागतं, आणि टाच सगळ्यात शेवटी टेकते, तीही आवाज न करता. चाळीचा आवाज येतो तो घोट्याच्या झटक्याने, पाय आपटून नाही. "धूळ उडाली का नाच संपला," असं म्हणत. आज गॅदरिंगला पोरं पाय आपटून आपटून स्टेज हलवतात, तेव्हा मला ते अंगण आठवतं.

वडसा_डेपो
लोंबीताई, चांगलं केलं. मी देसाईगंजला, म्हणजे वडशाला, एका नाट्यकंपनीत ऑर्गन वाजवतो. मास्तरांनी आमच्या कंपनीचे डान्स कितीतरी हंगाम बसवून दिले.

त्यांच्या तालाबद्दल लिहितो. मास्तर उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला जात आणि बाकीचे दिवस विड्या वळत, हे बाहेरच्यांना माहीत नसेल. मांडीवर सूप, सुपात भिजवलेला पत्ता, हातात कैची. आम्ही बसल्या बसल्या चाल वाजवून दाखवायचो आणि मास्तर त्या चालीवर पत्ता कापत राहायचे. लय बरोबर असली की कैची चालू. आमची लय पळाली की कैची थांबायची. तोंडाने काही म्हणत नसत, नुसतं वर बघत. धावती लय त्यांना अजिबात खपत नसे. रात्री दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे संपते, तिसऱ्या अंकापर्यंत वाजवणारा थकतो, आणि थकला की माणूस हळू वाजवत नाही, पळवतो. हे त्यांनी मला पहिल्याच हंगामात सांगितलं आणि ते शंभर टक्के खरं आहे. पहाटेच्या डान्सच्या आधी मी आजही डोळे मिटून कैचीचा आवाज आठवतो आणि मग सुरू करतो.

आणखी एक. माझ्याकडे जुनी हँडबिलं ठेवलेली आहेत. लेखक, दिग्दर्शक, नायक, खलनायक, विनोदी नट, ऑर्गन, तबला, लाइट, मंडप, माइक अशी सगळी नावं असतात. नृत्य दिग्दर्शकाचं नाव एक तर शेवटी, नाहीतर नाहीच. २०२३ ला गडचिरोलीच्या परशुराम खुणे सरांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही वडशात फटाके फोडले. झाडीपट्टीच्या नटाला देशानं मान दिला, आनंदच आहे. पण नाचवणाऱ्याला आम्ही स्वतःच आमच्या कागदावर जागा दिली नाही, तर बाहेरच्यांकडून काय अपेक्षा करणार?

अकोल्याचा_वऱ्हाडी
राम राम मंडळी. मी इकडचा, अकोला भागातला. मास्तरांना भावपूर्ण आदरांजली. एक विचारू का? दंडार म्हणजे तमाशासारखं असते का? आमच्याकडे भारूड, दिंडी पाहिली, दंडार काही पाहायला भेटली नाही. विदर्भातलाच असून माहीत नाही याचं वाईट वाटते, म्हणून विचारून रायलो.

जिपचा_गुरुजी
वऱ्हाडी भाऊ, वाईट वाटून घेऊ नका, विदर्भ लहान नाही. थोडक्यात सांगतो.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखाला आम्ही झाडीपट्टी म्हणतो. दिवाळीच्या पाडव्यापासून पुढे गावोगाव मंडई भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे जाता येतं. गुरं राखणारे गोवारी बांधव ढाली, म्हणजे सजवलेले उंच बांबू, घेऊन डफडीवर नाचत येतात, बाजार भरतो, दिवसा दंडार होते आणि रात्री नाटक. दंडार म्हणजे गावच्याच माणसांनी केलेला नाच, गाणं आणि सोंगं. खडी दंडारीत नाच आणि गाणं मुख्य असतं, परसंगी दंडारीत एखादा प्रसंग, कथानक असतं. खडी गंमत वेगळी. तिच्यात शाहीर असतो, साथीदार उभ्याने वाजवतात, सवालजवाब रंगतात. दोन्हींत पूर्वी सगळे पुरुषच. बाईचं काम करणाऱ्याला चांगल्या भाषेत स्त्रीपार्टी म्हणत आणि वाईट भाषेत काय म्हणत ते तुम्हाला माहीत असेल. आमच्या मास्तरांनी तरुणपणी हेच काम केलं. मग उतारवयात शिकवायला लागले.

मी ज्या जिल्हा परिषद शाळेत होतो तिथे मास्तर सव्वीस जानेवारीच्या आधी यायचे. कोणी मानधन दिलं तर घेत, नाही दिलं तरी येत. मी पाहिलेली त्यांची एक पद्धत नोंदवून ठेवतो. तिला ते मुकी चाळ म्हणत. लहान पोरांच्या पायात चाळ बांधायचे आणि सांगायचे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जा, पण एकही घुंगरू वाजता कामा नये. पोरं जीव मुठीत धरून चालायची. कोणाचं तरी छुन्न व्हायचं आणि तो परत पहिल्या भिंतीला. वर्गातलं सगळ्यात वांड पोरगं या खेळात सगळ्यात पुढे असे. पोरं भिंतीपर्यंत पोचली की मास्तर एकदाच टाळी वाजवत, आणि त्या टाळीला सगळ्यांनी मिळून पाय झटकायचा. पंचवीस-तीस पोरांच्या चाळी एका ठोक्यात वाजल्या की वऱ्हांड्यात उभी असलेली आम्ही शिक्षक मंडळी दचकायचो. चाळ थांबवता आली तरच ती वाजवता येते, हे पोरांना शब्दांत कळलं नसेल, पायांना कळलं.

चाळ ओवण्याचीही पद्धत होती. प्रत्येक घुंगरामागे दोरीला गाठ. तुटलं तर एकच घुंगरू पडेल, माळ सांडणार नाही. ज्याची चाळ त्यानेच ओवायची. आईने ओवून दिलेली ते ओळखत आणि परत पाठवत.

चूलबंदचा_पोरगा
मी आमच्या बोलीतच लिवतो, मास्तरबद्दल पुस्तकी लिवता येत नाई.

मी त्याईच्या हाताखाली स्त्रीपार्टी केली. शेवटची जी दोन-तीन पोट्टी त्याईनं तयार केली त्यातला मी. पयल्या तालमीत मी कंबर हालवून दाखवली, तोंडावर पदर घेऊन डोळा मारला. बसलेले पोट्टे खदाखदा हासले, शिट्ट्या मारल्या. मास्तरनं ढोलकी थांबवली. मले जवळ बसवलं अन इचारलं, "तुही माय अशी चालते का?" मी गप. "बहीन चालते?" मी गप. मंग मने, "बाईची थट्टा कराले बाई होऊ नोको. लुगडं नेसलं का तू कोनाची तरी माय हायेस, कोनाची तरी सून हायेस. तिच्यासारका ऊठ, तिच्यासारका बस."

मंग त्याईनं मले घरी धाडलं अन सांगतलं, आठ दिवस नाचू नोको, फक्त मायले पाय. ती चुलीपाशी कशी बसते, उठताना कोन्त्या गुडघ्यावर हात ठेवते, डोक्यावर पान्याची गुंडी असली का मान कशी ठेवते, सासरा आंगनात आला का पदर कोन्त्या हातानं वर घेते. मी पायलं. माय मने, हा पोट्टा येडा झाला का, सारा दिवस माह्याकडंच पायते. मले त्या आठ दिवसांत पयल्यांदा समजलं का माह्या मायचा डावा गुडघा दुखते. तिनं कदी सांगतलं नोयतं.

आता पावलाचं सांगतो. डोक्यावर गुंडी धरून नाचाचा जो भाग हाये, त्याच्यात मान हालत नाई. खालचं सारं हालते, कमरेवरून वर काईच हालत नाई. नजर दहा हातावर जमिनीले. हात वर धरतो तो गुंडी धराले नाई, गुंडी पडली तर झेलाले. म्हनून बोटं गुंडीले टेकत नाई, बोटभर जागा ठेवाची. मास्तर त्या बोटभर जागेसाठी मले रातभर उभा ठेवे.

मंडईत मी पयल्यांदा लुगडं नेसून उभा रायलो तवा कोनी शिट्टी नाई मारली. एका बुढीनं ओवाळणी टाकली.

रोवण्याची_बाई
चूलबंद भाऊ, तुमचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी पण मास्तरांची विद्यार्थिनी, पण आमची पिढी वेगळी. आम्ही दंडारीत नाचणाऱ्या पहिल्या पोरी. त्यावरून गावात काय काय झालं ते लोंबीताई सांगतील. मास्तर घरोघरी गेले होते, बापांसमोर हात जोडून बसले होते, "पोरगी माह्या जबाबदारीवर, माह्या दारातून तुमच्या दारात" असं म्हणाले होते. आणि तालीम संपल्यावर कंदील घेऊन एकेकीला खरंच दारापर्यंत सोडायला येत. आमच्या आया सुरुवातीला राखण म्हणून बसायच्या. पुढे त्या बसल्या बसल्या आम्हाला चुका सांगायला लागल्या.

मला जे लिहायचं आहे ते मागच्या पावलीबद्दल. दंडारीत ओळ मागे सरकत जाते ना, ती चाल. आमच्यापैकी कोणालाच जमेना. पोरी मागे वळून बघायच्या, एकमेकींवर आदळायच्या. मास्तर म्हणाले, रोवणा कसा करता? आम्ही सगळ्या रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, जाणाऱ्या. पऱ्ह्यांची पेंडी डाव्या हातात, उजव्याने रोवत बांधीत मागे मागे जायचं. कोणी मागे बघतं का? पाय चिखलात आधी चाचपतो, जागा सापडली की भार देतो. शेजारणीची ओळ डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसते, मान वळवावी लागत नाही. मास्तर म्हणाले, तेच करा, फक्त कमरेतून सरळ उभ्या राहा. एका संध्याकाळी ओळ जमली. जन्मभर करत आलो ते काम नाच आहे असं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

लिहून ठेवायचं तर असं: मागच्या पावलीत आधी अंगठा मागे जातो, जमीन चाचपतो, आणि तेवढा अर्धा ठोका भार पुढच्या पायावरच राहतो. मग टाच. गुडघे किंचित वाकलेले. खांद्याला खांदा लागत नाही, पण शेजारणीची ऊब लागेल इतकं अंतर.

गोसीबाधित
आमचं गाव वैनगंगेकाठी होतं, पवनीच्या बाजूला. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला झालं तेव्हा मी शाळेत होतो. पुढे गाव उठलं, आम्ही नव्या वस्तीत आलो. घरं विखुरली, एक आळी इकडे, एक तिकडे. दंडारीची मंडळी तुटली. ढोलकीवाला एका गावठाणात, गाणारा दुसऱ्यात.

हे इथे लिहायचं कारण असं की मास्तर आमच्या नव्या वस्तीत स्वतः आले होते. आम्ही बोलावलं नव्हतं. म्हणाले, जुन्या गावच्या दंडारीत तुमची एक चाल होती, ती आमच्याकडे नाही. ती दाखवा. आमच्या म्हाताऱ्यांनी दाखवली, सिमेंटच्या रस्त्यावर, चपला काढून. मास्तर शिकवणारे, पण त्या दिवशी आमच्या म्हाताऱ्यांसमोर शिकायला उभे राहिले. मग पुढच्या मंडईला त्यांच्या दंडारीत ती चाल आली आणि तेव्हा त्यांनी माइकवर आमच्या बुडालेल्या गावाचं नाव घेतलं. आमच्या गावाचं नाव माइकवर मी त्यानंतर ऐकलेलं नाही.

ती चाल आज कोणाला येते? दोन पावलं पुढे, तिसरं जागेवर, आणि त्या तिसऱ्याला अख्खी ओळ एका बाजूला झुकते. माझ्या लक्षात एवढंच आहे.

रोवण्याची_बाई
गोसीबाधित दादा, ती आम्हाला येते! आम्ही तिला नदीची चाल म्हणायचो. मास्तरांनी आम्हाला तेच नाव सांगितलं होतं, ती कुठून आली हे आज कळलं. तिसऱ्या पावलाला उजवीकडे झुकायचं, चौथ्याला सरळ, आणि मग तेच डावीकडून.

जिवतीवाला
मी राजुरा-जिवतीच्या डोंगरातला, गोंड. आमच्याकडे दिवाळीला दंडारी निघते, ती तुमच्या दंडारीपेक्षा वेगळी. तिच्यात गुसाडी नाचतात, डोक्यावर मोरपिसांचा मोठा टोप. आमच्या शेजारीच तेलंगणातला आसिफाबाद भाग आहे. तिथल्या मार्लवाईचे गुसाडी गुरू कनक राजू यांना २०२१ ला पद्मश्री मिळाली, नाच शिकवणाऱ्या माणसाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले. त्यांनी आधीच पोरं तयार करून ठेवली होती म्हणून बरं.

म्हणून सांगतो, लिहिणं चांगलं, पण तेवढ्याने भागणार नाही. व्हिडिओ काढा. आणि नीट काढा. आमच्याकडे शूटिंगवाले आले की तोंडं आणि मोरपिसं काढतात, पाय कापले जातात. कॅमेरा जमिनीजवळ ठेवा, हलवू नका, पूर्ण ओळ दिसू द्या. एकदा समोरून, एकदा मागून. मागून काढलेलं शिकणाऱ्याला जास्त कामाचं, कारण उजवं-डावं उलटं होत नाही. ढोलकी वेगळी रेकॉर्ड करा, आधी हळू मग चालीत.

वडसा_डेपो
जिवतीवाले भाऊ, लाख मोलाचं बोललात.

एक कागदाची गोष्ट सांगतो, कारण इथे म्हातारे कलावंत आणि त्यांची पोरं वाचत असतील. राज्य सरकारचं ज्येष्ठ कलावंतांसाठी मानधन आहे, वय पन्नासच्या वर लागतं, २०२४ पासून महिन्याला ५,००० रुपये झालं. मास्तरांचा अर्ज पुराव्यावर अडला. कला सादर केल्याचा पुरावा द्या. हँडबिलावर नाव नाही, फोटो लुगड्यातले, चेहऱ्यावर सफेदा, ओठाला कुंकू. बाबू म्हणाला, या बाईचा फोटो का जोडला? मास्तर काही बोलले नाहीत, कागद घेऊन उठून आले. त्यांच्यासोबत मी होतो. आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी घाम गाळला ती इतकी साधली होती की तीच पुराव्याच्या आड आली. मला त्या दिवशी खूप राग आला होता, अजून गेला नाही.

तर सगळ्यांना हात जोडून विनंती. मंडळाच्या नावाने साध्या कागदावर का होईना, दरवर्षी कलावंतांची यादी करा. कोणी काय केलं, कोणत्या गावी, कोणत्या साली. सरपंचाचा सही-शिक्का घ्या, बातमीचं कात्रण जोडा. सोंगातल्या फोटोशेजारी साध्या कपड्यातला फोटो लावा. आमच्या कंपनीत यंदापासून हँडबिलावर नृत्य दिग्दर्शकाचं नाव दिग्दर्शकाच्या खालच्या ओळीत जाणार. मालकांशी बोलून आलो, हो म्हणाले.

गावचा_म्हातारा
सगळं वाचलं. नातवानं वाचून दाखवलं, तोच लिहूनही देऊन राहिला आहे. मी मास्तराच्या बरोबरीचा. चांगलं लिहिता पोरांनो. पण गावात ऐकतो की यंदाच्या मंडईला दंडार करायची म्हणता. ते काही मला पटत नाही. घरचा कर्ता गेला तर वर्षभर आपण सण करत नाही, दिवाळीची करंजी दुसऱ्याच्या घरून येते. मास्तर म्हणजे गावचा कर्ता. त्याची राख थंड झाली नाही आणि त्याच्याच अंगणासमोर ढोलकी वाजवायची? यंदा मंडई साधी करा. पुढच्या साली नाचा.

चूलबंदचा_पोरगा
काका, पाया लागतो. तुमचा मान ठेवून एक सांगतो. मास्तरचा मोठा भाऊ गेला तवा दिवाळी तोंडावर होती. तुमी तवा ढोलकीवर होते, तुमाले आठवत असन. मास्तरनं दंडार थांबवली नोयती. सोता नाचले नाई, लुगडं नेसलं नाई, तुमच्या बाजूले येऊन टाळ घेऊन बसले. बाकीच्याईले नाचवलं. तवा तुमी काई म्हटलं नोयतं.

जिपचा_गुरुजी
काकांच्या म्हणण्यात मला तथ्य वाटतं. सगळंच चालू ठेवायचं म्हटलं तर मग गेलेल्या माणसासाठी आपण थांबलो कधी? पण दंडार एक वर्ष थांबवली तर काय होतं तेही पाहिलं आहे. २०२० ला टाळेबंदीमुळे मंडई नाही, नाटक नाही. त्यानंतर आमच्या शेजारच्या गावची दंडार पुन्हा उभी राहिलीच नाही. पोरं कामाला बाहेर गेली, ढोलकीची शाई निघाली, ती कोणी भरून आणली नाही.

धानाची_लोंबी
मी काल काकूंकडे, म्हणजे मास्तरांच्या घरी जाऊन आले. काका, तुमचं म्हणणं जसंच्या तसं त्यांच्या कानावर घातलं. त्या धान निसत होत्या. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सुतक आमी पाळू. दंडार आमच्या घरची नाई, गावची हाये." आणि चाळींची पेटी आतून आणून माझ्यापुढे ठेवली. तेल लावून ठेवा म्हणाल्या, पावसाळ्यात गंज चढते.

घुंगरांना खरंच गंज चढायला लागला होता. आम्ही दोघी-तिघींनी बसून पुसली. मुलांच्या मापाची, मोठ्यांच्या मापाची अशी वेगळी बांधलेली, प्रत्येक जुडीला चिंधी, चिंधीवर गाठी. किती गाठी त्यावरून कोणत्या ओळीची ते कळायचं, मास्तरांना लिहिता येत नव्हतं ना. मोठ्या जुडीत एक चाळ अगदी वेगळी, घुंगरं पातळ झालेली. ती त्यांची. ती तशीच पेटीत ठेवली, बाकीच्या घेऊन आले.

काका, तुम्ही हो म्हणाल तरच करू. तुमच्या ढोलकीशिवाय तशीही होणार नाही.

गावचा_म्हातारा
वहिनी म्हणते तर माझं काय. करा. पण माझ्या तीन अटी आहेत. त्या दिवशी गावात डीजे नाही. रात्री तो डान्स हंगामा नाही, नाटक ठेवायचं तर नाटक ठेवा. आणि मास्तराच्या फोटोच्या वर कोण्या पुढाऱ्याचा फोटो लागलेला दिसला तर मी ढोलकी खांद्यावर टाकून घरी जाईन. ढोलकीला शाई मी भरून आणतो.

रोवण्याची_बाई
काका, तिन्ही अटी मान्य. पोरींच्या आया पण येतो म्हणतात.

अकोल्याचा_वऱ्हाडी
मी येऊ का पाहायला? मंडईचा दिवस ठरला की सांगा. माझ्याकडे बरा कॅमेरा आहे, स्टँडही आहे. जिवतीवाल्या भाऊंनी सांगितल्यासारखा खाली ठेवून काढतो, पाय कापत नाही.

धानाची_लोंबी
या वऱ्हाडी दादा, जेवायला आमच्याकडेच.

आतापर्यंत जमलं ते असं: सारवणाचं पाऊल, मुकी चाळ, गुंडी, मागची पावली, नदीची चाल. मधे एक मोठी जागा अजून रिकामी आहे. गिरकी. ओळ फुटून दोन होते, दोन्ही ओळी एकमेकींतून पार जातात आणि पलीकडे गेल्यावर सगळे एकदम फिरतात, ती. मला जाईपर्यंतचं आठवतं. फिरताना भार कोणत्या टाचेवर आणि हात कधी खाली येतात, ते कोणालाच नक्की सांगता येत नाही. आम्ही करून पाहिली, दर वेळी शेवटचे दोघं एकमेकांवर आदळतात. चूलबंद भाऊ, तुम्हाला?

चूलबंदचा_पोरगा
मी मधात राहो, कडेचे काय करत ते पायलं नाई. डाव्या टाचेवर फिराचं एवढं पक्कं.

इटियाडोहची_सून
नमस्कार. पहिल्यांदाच लिहिते आहे. माझे सासरे मास्तरांसोबत तरुणपणी दंडारीत कडेला नाचत. आता ऐकायला कमी येतं, फारसं बोलत नाहीत. काल त्यांना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला. गिरकीचं आलं तसे बाजेवरून उठले, भिंतीला धरून उभे राहिले आणि मला म्हणाले, कडेचा माणूस फिरत नाही, तो जागेवर थांबतो आणि हात आडवा धरतो. बाकीचे त्याच्या हाताखालून फिरतात. म्हणून आदळत नाहीत.

मी लगेच विचारलं की सगळं करून दाखवाल का. म्हणाले, एकट्यानं कसं दाखवू, ओळ पायजे.

रविवारी तालीम आहे ना? मी आणि हे त्यांना गाडीवर घेऊन येतो. गुडघ्यानं फार वेळ उभं राहवत नाही, एक खुर्ची ठेवजा. आणि ढोलकीवाल्या काकांना म्हणावं जवळ बसा, म्हणजे यांना ठोका ऐकू जाईल.